डोंगरानं दम खाल्ला तिथं

तळेघरहून मला कॉलेजात आणणारा जीपवाला स्टिअरिंगशी बैलाशी बोलावं तसा बोलतो, आणि माझ्याशी आरशातून. मी भूगोल शिकवतो हे कळल्यापासून त्याला डोंगरांचं वेड लागलंय. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून वर आला, आपला सह्याद्री मात्र लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला, असं मी एकदा सांगितलं. त्यानं ते लगेच सगळ्या जीपला समजावलं, "हिमालय म्हंजी ॲक्सिडंट! आपला डोंगर म्हंजी भाकरीची चवड!"

घाटातल्या काळ्या कातळात एक तांबडा पट्टा आहे. लाव्हाच्या दोन लोटांमध्ये हजारो वर्षं गेली, तेवढ्या काळात तिथं माती झाली, हेही मीच बोलून गेलो. तेव्हापासून तो रोज तिथं जीप थांबवतो, रेडिएटरात पाणी ओततो आणि पट्ट्यावरून हात फिरवतो.

काल मला पहिला तास गाठायचा होता. मी ओरडलो, "भाऊ, चला की!"

"सर, डोंगरानं हितं हजारो वर्षं दम खाल्ला. आपल्या पाच मिंटांनी काय व्हतंय, राव?"

मीही खाली उतरलो.

कॉलेजात प्राचार्यांनी उशिराचं कारण विचारलं. म्हटलं, "लाव्हा थांबला होता."