उषाताईचा फेल

मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी मी भारतीय दुकानातून आणायच्या सामानाची यादी करत होते. तूरडाळ, गूळ, गवती चहा... एवढं लिहून झालं आणि फोन वाजला. उषाताईचे यजमान, अरविंदभाऊजी होते. "मंजू, उषा गेली गं. पहाटे. झोपेतच." मी "निघते" म्हणाले, शेगडी बंद केली, गाडीची किल्ली घेतली, दोघातिघांना कळवलं. काम समोर आलं की माझे हात आपोआप चालतात. पण आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉयच्या त्या सरळ, सपाट रस्त्यावरून गाडी चालवताना लक्षात आलं, की यादीतला गवती चहा आमच्या घरचा नव्हताच. आमच्याकडे तो कुणी पीत नाही. तो उषाताईच्या थर्मासात जायचा.

उषाताई मूळची नागपूरची. भाऊजींच्या नोकरीमुळे इंग्लंडच्या उत्तरेला गेली, बरीच वर्षं तिथे रमली आणि २००१ मध्ये त्यांची बदली झाल्यावर इकडे मिशिगनला आली. आमची पहिली भेट एका घरगुती गणपतीत झाली. प्रसादाची वाटी घेऊन ती शेजारी बसली होती. करमतं का, असं मी विचारलं, तर उसासा टाकून म्हणाली, "तिकडे दर रविवारी फेल करायचे मी. इकडे तेही नशिबात नाही." मला वाटलं, गाडीच्या परीक्षेचं बोलतेय. इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकीचं ते दुखणं. मी धीर दिला, "अहो, रोड टेस्ट पुन्हा देता येते. मी स्वतः दोनदा नापास झालेय." ती इतकी हसली की वाटीतला शिरा सतरंजीवर सांडला. "अगं बाप्पा! तिकडे डोंगराला फेल म्हणतात!"

सपाट नागपूरची ही बाई डोंगर चढायला शिकली ती तिथे, शेजारच्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईबरोबर. घरामागचा एकच फेल त्या दोघी दर ऋतूत चढायच्या. आणि मग ट्रॉय! इथे चढ म्हणजे फार तर हायवेवरचा पूल. पण महिन्याभरात उषाताईने एक टेकडी शोधून काढलीच. गावाने जुना कचरा पुरून, वर माती टाकून, गवत लावून केलेली. हिवाळ्यात मुलं तिथे घसरगाडी खेळतात. भाऊजी चिडवायचे, "विलायतेत फेल, अमेरिकेत कचरा. बायकोची प्रगती आहे." ती म्हणायची, "तुम्हाला तर तोही चढवत नाही."

मी तिच्याबरोबर जाऊ लागले ते व्यायाम म्हणून. मनगटावर घड्याळ, डोक्यात आठवड्याची कामं. अर्ध्या चढावर एक लाकडी बाक होतं, तिथे ती हमखास थांबायची आणि मला खांद्याला धरून वळवायची. "घड्याळ काय पाहून राहिलीस? मागे बघ." मागे काय, तर पाण्याची टाकी, शाळेचं छप्पर आणि मॉलचा पार्किंग लॉट. पण थर्मासच्या झाकणात चहा ओतता ओतता ती बोलू लागली की सगळं हळूहळू विरघळायचं. वसंतात ती सांगायची, तिकडे आता मेंढ्यांना कोकरं झाली असतील, जन्मताना काळीभोर आणि वय वाढेल तशी पांढुरकी... "आपल्या केसांसारखी." उन्हाळ्यात नेच्यांचं रान कमरेपर्यंत वाढतं आणि ढग इतके खाली येतात की पुढच्या माणसाची फक्त शीळ ऐकू येते. शरद ऋतूत तेच नेचे तांब्यासारखे होतात, अख्खा डोंगर घासून ठेवलेल्या हंड्यासारखा दिसतो. थंडीत डबकी गोठतात, आणि बुटाची टाच पडली की त्यांच्यात चांदणी उमटते... ऐकता ऐकता ओला पार्किंग लॉट मला तळं वाटू लागायचा. खरं सांगते, मी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण त्या तळ्यावरून वारा येताना मला कितीदा थंडी वाजलीय.

२००७ च्या वसंतात तिला फुप्फुसांचा आजार निघाला. बरा न होणारा, श्वास हळूहळू कमी करत नेणारा. डॉक्टरांकडून आल्यावर तिने मला फोन केला. "मंजू, तू यादीवाली ना? मग लिही. या वर्षी चारही ऋतूंत एकेकदा वर. बस, बाकी काही नको." मी लिहून घेतलं. मला बरं वाटलं, कारण हे करता येण्यासारखं होतं. वसंत तसा सोपा गेला. उन्हाळ्यात बाकावर बराच वेळ बसावं लागलं. शरदात प्राणवायूची छोटी टाकी आली, ती मी पाठीवर घेतली आणि आम्ही पानगळीतून इतक्या हळू चढलो की एक खार आमच्या पुढे पुढे जाऊन वाट बघत बसायची. वर पोचल्यावर उषाताईने काठी आकाशाकडे उंचावली. हिवाळा तेवढा राहिला.

डिसेंबर-जानेवारी इस्पितळात गेले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिचा फोन आला. "आज श्वास बरा आहे. ये." बाहेर बर्फ होता आणि त्याच्यावर धुकं. टेकडीचा माथा दिसतच नव्हता. भाऊजींनी गाडीतून निळी प्लास्टिकची घसरगाडी काढली. "यात बस, आम्ही दोघं ओढतो." ती भडकली. "ओढून नेलं तर ते चढणं नव्हे, सामान पोचवणं झालं." म्हणून ती चालली, मी टाकी घेऊन शेजारी आणि भाऊजी रिकामी घसरगाडी ओढत मागे. दोन पावलं, मग थांबणं. पुन्हा दोन पावलं. बाकापर्यंत आलो तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते. मला माथ्याशिवाय काही सुचत नव्हतं. "थोडंच राहिलंय ताई," मी म्हणाले. मला वळवण्याइतकी ताकद तिच्या हातात नव्हती, म्हणून तिने नुसतं बोटाने दाखवलं. मी मागे पाहिलं. पाण्याची टाकी नाही, शाळा नाही, मॉल नाही... सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं.

"मंजू, वर काय आहे गं?"

"काही नाही. एक फलक आणि कचऱ्याचा डबा."

"मग?" ती म्हणाली आणि हसली. "फेल! लिहून टाक."

मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ. तिने माझ्या गालाला हातमोजा लावला आणि भाऊजींना म्हणाली, "आणा तुमची घसरगाडी." मी घाबरून तिच्याच नियमांची आठवण करून दिली. "नियम चढायला असतात बाप्पा. उतरायला कसले?" भाऊजी मागे बसले, त्यांच्या मिठीत ती, तिच्या मांडीवर प्राणवायूची टाकी. मी हलकाच धक्का दिला. तिच्या लाल टोपीचा ठिपका धुक्यात शिरला आणि नाहीसा झाला. नुसतं हसणं ऐकू येत राहिलं, खालून, मग आणखी खालून...

ती गेल्यावर भाऊजींबरोबर मी घर आवरलं. इस्पितळाची उपकरणं परत केली, कपडे वाटले, कागद लावले. थर्मास तेवढा त्यांनी माझ्या हातात ठेवला. दोनदा धुतला तरी गवती चहाचा वास जात नाही. एप्रिलमध्ये, झाडांना कळे आलेले असताना, एका रात्रीत पुन्हा बर्फ पडला. मिशिगनला ही खोड आहे. सकाळी मी यादी तशीच टेबलावर टाकली, गवती चहा उकळला, थर्मास भरला आणि टेकडीवर गेले. उषाताईचा राहिलेला हिवाळा पुरा करायचा, असं ठरवूनच गेले. माझे गुडघे चांगले आहेत, श्वास चांगला आहे. बाकाशी थांबले, झाकणात चहा ओतला आणि मागे वळले. पार्किंग लॉटवर बर्फ वितळून पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ उतरलं होतं. माथा पाठीशी होता, अगदी जवळ. चहा संपला तरी मी त्याच्याकडे वळले नाही.

"फेल," मी मोठ्याने म्हणाले, आणि खाली उतरले.