चौसष्टचा पेनड्राइव्ह आणि पाच बैठका

सांगलीतल्या एका दुकानदाराने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण तो अजून त्याच काउंटरमागे बसून गिऱ्हाइकांना सांगतो की एक पावणा बिलाशिवाय माल घेऊन गेला आणि वर दमदाटी करायला आला. तो पावणा मी. बिल नव्हतं हे खरं. बाकी सगळं खोटं.

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. मिरज रस्त्याला माझं पत्र्याचं कुंपण घातलेलं आवार आहे. त्याआधी मी मेंढरांमागे चालत होतो. वडील लवकर गेले, चुलत्याने वाढवलं. दर साली आमचं बिऱ्हाड जत भागातून कृष्णाकाठाला यायचं आणि पाऊस लागला की परत फिरायचं. माझ्या वाट्याची मेंढरं विकून मी पहिला मोडका ट्रॅक्टर घेतला तेव्हा घरातले सगळे हसले. चुलता हसला नाही. त्याने चाकाला हात लावून पाहिला आणि एवढंच विचारलं की हे चालू होतं का. होत नव्हतं. चार महिन्यांनी झालं.

चुलता ओवी गायचा. आमच्याकडच्या ओवीत एक मुख्य गाणारा असतो, तो कथा पुढे नेतो. मागचे त्याच्या ओळीचं शेपूट उचलतात आणि लांबवतात. चुलत्याकडे एक मोठी ओवी होती, त्याच्या गुरूकडून आलेली. ती कुठे लिहिलेली नाही. संपवायला आठ बैठका लागतात. मागचे तिघे त्याच्याबरोबर उभं आयुष्य गायले, पण कथा त्यांना येत नाही. त्यांना शेपूट येतं.

दोन वर्षांपूर्वी चुलत्याच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. चुलत्याने विचारलं, किती दिवस हायत. डॉक्टरांना वाटलं हा आयुष्याचे दिवस विचारतोय, ते धीर द्यायला लागले. तो आवाजाचे दिवस विचारत होता. दहा होते.

मी म्हटलं, गा, मी मोबाइलवर घेतो. रोज दुपारी, जेवण खाली बसलं की आम्ही लिंबाखाली बसायचो. चुलता, मागचे तिघे आणि एका स्टुलावर टेकवलेला माझा मोबाइल. आवाज घोगरा झाला होता. मधे मधे तो थांबून कोमट पाणी प्यायचा, थुंकायचा, रक्त आहे का बघायचा आणि पुढची ओळ धरायचा. आठव्या दुपारी ओवी पुरी झाली. त्याने घोंगडं झटकलं आणि मला म्हणाला, "संपली रं. आता कापा म्हणावं."

मोबाइल गच्च भरला होता. म्हणून मी पेनड्राइव्ह घ्यायला सांगलीला गेलो.

मी आयुष्यात कुठलीच वस्तू सांगितल्या भावाला घेतलेली नाही. पेनड्राइव्हही घेतला नाही. दुकानदाराने चौसष्ट जीबीचा आकडा छापलेला, चकचकीत पाकिटातला दाखवला. मी निम्म्यावर आणला. तिथे तो अडल्यासारखा झाला आणि म्हणाला, बिल नको असेल तर अजून सोडतो. मी म्हटलं, सोड. त्याने लगेच सोडले. आता ट्रॅक्टरवाला इतक्या लवकर कबूल झाला असता तर मी चहा अर्धा टाकून उठलो असतो, कारण जो झटक्यात उतरतो त्याच्या इंजिनात काहीतरी असतं हे मला कळतं. इथे उठलो नाही. प्लॅस्टिकच्या एवढ्याशा तुकड्यात काय लपणार, असं वाटलं.

सगळं मोबाइलवरून पेनड्राइव्हवर घ्यायचं कामही त्यानेच केलं. दोनेक तास लागले. मग त्याने पडदा माझ्याकडे वळवला. आठ बैठकांच्या आठ फाइली, एकाखाली एक. पहिली लावून दाखवली. चुलता दिसला, आवाज आला. मी बाकीच्या मोजल्या. आठ भरल्या.

इथे माझी जात आडवी आली. संध्याकाळी वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं घालताना आम्ही डोकी मोजतो. मोजणी भरली की वाघूर बंद. प्रत्येक मेंढराचं तोंड उघडून ते जिवंत आहे का हे कोणी बघत नाही. आठ म्हणजे आठ. दुकानदार म्हणाला, आता मोबाइल रिकामा करा, नाहीतर अडकत राहील. मी तिथेच काउंटरला टेकून आठही बैठका मोबाइलवरून पुसल्या. पेनड्राइव्ह घरी आणून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. चुलत्याचं ऑपरेशन झालं. माणूस राहिला.

यंदा मागच्या तिघांनी ठरवलं की ओवी उचलायची. ते माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसायला लागले. पहिलीच बैठक महिनाभर घोटत होते, कारण वय झालेल्या माणसांच्या डोक्यात नवं लवकर शिरत नाही. चुलता गळ्यातल्या नळीवर उपरणं धरून शेजारी बसायचा आणि चूक झाली की मांडीवर थाप मारायचा. मला इतकं बरं याआधी कशाने वाटलेलं आठवत नाही.

त्यांना जत्रेतला एक जुना व्हिडिओही हवा होता. तो पेनड्राइव्हमध्ये टाकायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणाला, यावर लिहायला मनाई आहे. पुन्हा केलं, तेच. पेनड्राइव्हबरोबरच आलेली एक फालतू फाइल पुसून पाहिली, पुसली जाईना. वाचायला मात्र मोकळा होता. पहिली बैठक छान चालत होती.

मग माझे चार दिवस गेले. कोणी सांगितलं कडेला लॉकचा खटका असतो. नखाने सगळीकडून चाचपला, खटका नव्हता. दुसऱ्या खाचेत घातला, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला. फक्त वाचायचा आहे अशी एक खूण असते ती काढली, ती परत येऊन बसली. नेटवरच्या एका शहाण्याचं बघून काळ्या चौकटीत इंग्रजी ओळी टाइप केल्या. कॉम्प्युटरने काम यशस्वी झालं असं लिहिलं, आणि काहीही झालेलं नव्हतं. बाजारात खोटं बोलणारा माणूस निदान नजर तरी चुकवतो.

पाचव्या दिवशी सांगलीला गेलो. दुकानदाराने पेनड्राइव्ह बोटांत फिरवला आणि कॉम्प्युटरला न लावताच निदान केलं. "व्हायरस हाय, पावणं. फॉरमॅट मारतो, नव्यागत हुतो."

या लोकांचं मला नवल वाटतं. माझ्या आवारात एखादा ट्रॅक्टर बंद पडला आणि मिस्त्रीने बॉनेट न उघडता सांगितलं की याला भूत लागलंय, तर मी त्याला हाकलून देईन. इथे व्हायरस म्हटलं की आख्खं गिऱ्हाईक मान डोलावतं. मी सांगितलं, आत माझ्या चुलत्याचा आवाज आहे, दुसरीकडे कुठेही नाही, पुसायचं काही नाही. तो म्हणाला, आता आत काही राहिलेलं नसतं. मी म्हटलं, काल ऐकलंय. तरी त्याने पेनड्राइव्ह खोचला आणि पडद्यावर फॉरमॅटची चौकट उघडली. हो म्हणायच्या बटणावर बाण गेला तेव्हा मी काउंटरवरून हात घालून पेनड्राइव्ह ओढून काढला.

"आसं वढून काढत्यात व्हय? आता बिघडला तर माझी जबाबदारी न्हाई."

मी म्हटलं, बिघडलेलाच आहे, बदलून दे. त्यावर त्याने हात पुढे केला. "बिल दावा."

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

साताऱ्याला एक निवृत्त हवालदार आहे. फौजेत सिग्नलमध्ये होता, आता घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने माझ्याकडून एक ट्रॅक्टर घेतला होता. मी सगळी हकिकत सांगितली, तोवर तो चष्मा पुसत होता.

"ट्रॅक्टर देताना शंभर रुपयं सोडलं न्हाईस, गड्या," तो म्हणाला. "आन सांगलीवाल्यानं सोडलं तर लगीच खूश झालास व्हय?"

मी पेनड्राइव्ह त्याच्यापुढे ठेवला.

हवालदाराने समजावलं ते मला एका दमात कळलं, कारण त्याने बढाई मारली नाही. पेनड्राइव्हमधली चिप झिजली की ती स्वतःच लिहिणं बंद करते आणि वाचायला उघडी राहते. तो इशारा असतो. कुलूप तोडत बसायचं नाही, आधी आतला माल बाहेर काढायचा. फॉरमॅट तर बिलकुल नाही. त्याने पहिली बैठक स्वतःच्या डिस्कवर उतरवली, दुसरी, तिसरी. प्रत्येक लावून बघत होता. चौथी उतरली, त्याने लावली. काळा पडदा. पाचवी, तेच. सहावी, सातवी, आठवी. नावं होती, आकार होता, आत नुसती शून्यं होती.

मी म्हटलं, चिपेबरोबर गेल्या का. त्याने पेनड्राइव्ह काढून हातात घेतला. चौसष्टचा आकडा वरून छापलेला आणि कॉम्प्युटरलाही खोटाच सांगायला शिकवलेला. आत माल सोळाचा. सोळा भरेपर्यंत खरं लिहिलं गेलं, पुढे नुसती नावं लिहिली गेली.

"ह्या पाच बैठका तुज्या हातात कवाच नव्हत्या," हवालदार म्हणाला. "त्येनं फॉरमॅट मारला आसता तर तुला जन्मभर वाटलं आसतं, तवाच ग्येलं."

मोबाइलही नेला होता. त्यात त्याने दोन दिवस शोधलं. मी दोन वर्षं त्यावर ट्रॅक्टरचे फोटो काढत होतो, खाली काही उरलं नव्हतं. पैसे विचारले तर त्याने घेतले नाहीत. त्याचाही मला राग आला.

घरी येऊन चुलत्याला सांगितलं. त्याने ऐकलं, तीन बोटं वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. मग त्याने तळहात उलटा केला. पुढचं?

आता रोज दुपारी तो त्या तिघांना समोर बसवतो आणि चौथी बैठक सांगायला बघतो. ओठ हलतात, हात फिरतात. राजा कुठे गेला, मेंढी कोणी सोडली, हे तो हातांनी दाखवतो. ते तिघे अंदाज करतात, तो मान हलवतो, ते दुसरा अंदाज करतात. त्याला लिहिता येत नाही. आठवड्यात सहा ओळी जमल्या, त्यातल्या दोन त्याला पटलेल्या नाहीत.

मी परत सांगलीला गेलो, या वेळी आवाज न चढवता. दुकानदार म्हणाला, माल वरून तसाच येतो, आम्ही नुसतं विकतो. मी विचारलं, वरून म्हणजे कोणाकडून. सांगितलं नाही. बिल सोडलं तो माझा सौदा होता, त्याचं ओझं मी घेतो. पण बिलाच्या बदल्यात त्याने पैसे सोडले होते. आकडा खोटा विकायची मुभा त्या सौद्यात कुठेच नव्हती.

मला पैसे परत नकोत, नवा पेनड्राइव्हही नको. त्याने आमच्या वाडीला यावं आणि चुलत्यासमोर बसावं. आत सोळाच आहे हे त्याला विकताना माहीत होतं, की मी परत आलो तेव्हा कळलं आणि म्हणून त्याचा हात फॉरमॅटवर गेला? दोन्हीपैकी कुठलं ते त्याने माझ्या चुलत्याला तोंडाने सांगावं. चुलत्याला उलट विचारता येणार नाही. म्हणून ते मी इथे विचारून ठेवतो.