तो फटका कुणाचा होता

इंग्लंडमधल्या बर्नलीच्या बाजारातल्या खाटकाच्या दुकानात ग्लिनिस हॉरॉक्स बावीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून मांस कापत होती. तरुणपणी ती एका पंक बँडमध्ये ड्रम वाजवायची, हे गावाला ठाऊक होतं. कुणी विषय काढलाच, तर ती सुऱ्याला धार लावत राहायची.

मग त्या बँडवर माहितीपट आला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. त्यात क्लबमधली १९७९ची मारामारी नटांकडून पुन्हा उभी केली होती. डोकी भादरलेल्या गुंड पोरांचं टोळकं क्लबच्या स्टेजवर चढलं, बाटल्या फुटल्या, दात फरशीवर सांडले, आणि गायक डेनी क्रॉशॉनं माइकच्या दांड्यानं त्यांच्यातल्या रॉय एन्टविसल नावाच्या पोराचा डोळा फोडला. डेनीनं त्यासाठी दीड वर्ष तुरुंगवासही भोगला होता. आता तो हयात नव्हता. एका बड्या समीक्षकानं लिहिलं, की तो फटका म्हणजे चित्रपटातला सर्वांत संगीतमय क्षण.

मी ते परीक्षण वाचून दाखवलं, तेव्हा ग्लिनिसनं अर्धी फोडलेली बरगडी तशीच ठेवली.

"संगीतमय?" ती म्हणाली. "अरे, डोळा फुटतो ना, तेव्हा आवाजच येत नाही."

शनिवारी दुपारी आमच्या गावातल्या थिएटरात त्या माहितीपटाचा खेळ होता. नंतर तोच समीक्षक स्टेजवर बसून डेनीच्या संतापाचं कौतुक करू लागला. ग्लिनिस उभी राहिली. "डेनीनं मारलंच नव्हतं," ती म्हणाली. "मोडलेली ड्रमची काठी होती आणि हात माझा होता."

"तो पोरगा खाली पडला होता. उठतही नव्हता. तरी मी मारलं."

मग डेनीचा भाऊ बॅरी, साठीचा माणूस, खुर्च्या तुडवत आला आणि त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली. माझा भाऊ तुझ्यापायी आत गेला आणि तू गप्प बसलीस, म्हणत तिला लाथा घालू लागला. सोडवायला गेलेला समीक्षक नाक फोडून घेऊन पडद्याखाली कोसळला. मी बॅरीला मागून आवळलं, तोवर तिच्या दोन फासळ्या गेल्या होत्या. तिनं हात उचलला नाही.

इस्पितळात तिला भेटायला रॉय आला. एक डोळा काचेचा, हातात टोपी.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी खालून तुझंच तोंड बघत होतो."

"मग डेनीचं नाव का घेतलंस?"

"पोरीनं मारलं म्हणून सांगायची लाज वाटली." मग त्यानं विचारलं, "काय वाटलं गं तेव्हा तुला?"

"मजा वाटली," ती म्हणाली.

रॉयनं मान हलवली, टोपी घातली आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

बरी झाल्यावर तिनं पोलिसांत जबाब दिला. खटला उभा राहिला. न्यायाधीशानं तिचं वय आणि कबुली बघून तुरुंगात पाठवलं नाही. याचंच तिला सर्वांत जास्त वाईट वाटलं. दिग्दर्शकानं चित्रपटाच्या शेवटी तिच्या नावाची एक ओळ जोडली. समीक्षकानं नवं परीक्षण लिहिलं: या खुलाशानं चित्रपट आणखीच थरारक झाला आहे.