हळदीआधी हरवलेला नवरदेव

ती घटना आजही डोळ्यांपुढे येते तेव्हा आधी पिवळा रंग येतो आणि मग माणसं. ठाणे शहरातल्या कोपरीच्या घरात दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागला की हमखास तोच मांडव दिसतो. बायका संथ सुरात लग्नाचे धवळे गाताहेत, हळद वाटली जातेय आणि नवरदेवाचा पाट रिकामा आहे. दचकून जाग येते. बायको म्हणते, "निवृत्त झालात तरी बंदोबस्त सुटला नाही तुमचा." नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण झोपेत येते ती ही साधी मिसिंगची केस.

तेव्हा मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एक दांडगे गृहस्थ ठाण्यात आले आणि त्यांच्या मागोमाग अर्धं गाव. जुनं भूमिपुत्रांचं घर. एके काळी भातशेती होती, आता त्या शेतांवर इमारती उभ्या आहेत. एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलेलं, दुसऱ्या दिवशी हळद. मुलगा चार दिवसांपूर्वी लांबच्या नातेवाइकांना पत्रिका द्यायला जातो म्हणून गेला होता. त्याचा फोन आता बंद होता आणि तो कुठल्याच नातेवाइकाकडे पोचलेला नव्हता.

"साहेब, आमचे पोराला पुतन्यानीच गायब केलाय," गृहस्थ गरजले. "जमिनीचा राग काढलाय त्यांनी. त्याला आत घ्या, नायतर आमी बघून घेताव."

सख्ख्या भावाशी त्यांचा वाटणीवरून अबोला होता आणि पुतण्या म्हणजे त्याच भावाचा मुलगा. लग्नाचं आमंत्रणसुद्धा त्या घराला नव्हतं. मी ठाणे अंमलदाराला मिसिंगची नोंद घ्यायला सांगितलं आणि मुलाचा फोटो मागितला. साखरपुड्यातला फोटो होता. देखणा पोरगा, कपाळावर दाट केसांची झुलपं. माझ्या डोक्यावर त्या काळात टोपी नसली की ट्यूबलाइट चमकायची, त्यामुळे मला त्याचा जरा हेवाच वाटला.

दुपारपर्यंत खबऱ्याचा फोन आला. त्याने परवा पोराला पाहिलं होतं, पण धडधाकट नव्हे. चुलतभावाने, म्हणजे त्याच पुतण्याने, त्याला धरून गाडीत बसवलं, त्याचं डोकं फडक्याने झाकलेलं होतं, तोंड सुजलेलं होतं आणि त्याला धड चालताही येत नव्हतं. आम्ही चुलतभावाला ताब्यात घेतलं.

हा तिशीचा, काटकुळा, शांत मुलगा. बाहेर काका शिव्या देत होते, दोन्ही घरांची माणसं फाटकाशी समोरासमोर उभी होती आणि मी जादा कुमक मागवली होती. एकाने जरी हात उगारला असता तरी तिथे रक्त सांडलं असतं. आत हा भिंतीकडे बघत बसला होता.

"कुठे आहे तो?"

"नाय सांगनार, साहेब."

"जिवंत आहे का?"

तो चटकन म्हणाला, "हाय ना! असं काय बोलताय?"

"मग सांगायला काय झालं?"

"त्यानी मना गावदेवीची शपथ घातलीय."

मी समजावलं, दरडावलं, अपहरणाचं कलम काय असतं ते सांगितलं. लग्नाच्या घरातून पोरगा नेलास, जामीन मिळणार नाही, नोकरी जाईल. तो मान डोलवायचा, जणू मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हे मी अनुभवाने शिकलो होतो. हा खोटंही बोलत नव्हता आणि खरंही. अशा माणसाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग पंचांसमक्ष त्याच्या गाडीची झडती घेतली. डिकीत मुलाचे दोन शर्ट निघाले. ते बापाने ओळखले. मघाशी गरजणारा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "माझा पोऱ्या गेला रे," एवढंच म्हणत राहिला. फाटकाशी गलका वाढला.

शर्टांखाली मानेत अडकवायची प्रवासातली उशी होती, बर्फाच्या पिशव्या होत्या आणि मिठाच्या पाण्याचा फवारा मारायची छोटी बाटली. शर्ट दोन्ही पुढून बटणांचे. पंचनामा लिहिणारा हवालदार ते उतरवून घेत होता आणि मला एकदम नौपाड्यातल्या डॉक्टरांचा थंडगार दवाखाना आठवला.

त्याच्या आदल्या वर्षी मी कुणालाही न सांगता टकलावर इलाज विचारायला तिथे गेलो होतो. मुलीच्या लग्नाच्या फोटोत बरं दिसावं, एवढीच हौस. डॉक्टर भले होते. गोळ्या आणि डोक्याला लावायचं औषध असतं, पण ते उरलेले केस टिकवायला. पॅच म्हणजे जाळीवर विणलेले केस, ते डोक्याला चिकटवायचे आणि दर थोड्या दिवसांनी काढून पुन्हा बसवायचे. आणि शस्त्रक्रिया म्हणजे मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे रोवायचे. त्यानंतर बसून झोपायचं, सतत फवारा मारायचा, डोक्यावरून ओढून काढावा लागेल असा कपडा घालायचा नाही. कधीकधी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते, घाबरू नका, असंही ते म्हणाले होते. मी घाबरलो आणि घरी आलो. ती भीती अशी उपयोगी पडेल हे स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी आत जाऊन त्या मुलासमोर बसलो आणि हळूच विचारलं, "डोळे उघडतात का आता त्याचे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय ओ साहेब. काल रातपासून दिसतच नाय त्याला. तापपन हाय. पन शपथ हाय ना."

"तू काही सांगू नकोस. माझ्याबरोबर गाडीत बस. मी रस्ता चुकलो की खोकायचं."

तो आयुष्यात पहिल्यांदाच पोलिसाला बघून हसला असेल. बापालाही गाडीत घ्यावं का, असा विचार मनात आला, पण मी त्यांना ठाण्यातच बसवलं. पूल ओलांडून आम्ही डोंबिवली पश्चिमेला आलो. एका नाक्यावर मी डावीकडे वळायला सांगितलं तर पोरगा खोकला. पुढे एकदा नुसता घसा खाकरला. असे खोकत खोकत आम्ही कोपरला एका नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पोचलो.

त्या खोलीची आठवण मला अजून नीट खरी वाटत नाही. पडद्यांतून खाडीकडचा उजेड झिरपत होता आणि भिंतींवर पाण्यासारखा हलत होता. पलंगावर उशांना टेकून एक आकृती बसली होती. पॅच नव्हता, झुलपं नव्हती. डोक्यावर खपल्या, मधून पू, आणि चेहरा असा सुजलेला की फोटोतलं त्यात नाकसुद्धा सापडेना. त्याने पावलं ऐकली आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

"दादा, आलास? बघ ना, उगवले का?"

तीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा एका हरवलेल्या माणसाचा हात हातात धरून नुसता उभा राहिलो.

हळूहळू सगळं कळलं. साखरपुड्याला तो पॅच लावून बसला होता. पण हळद म्हणजे त्यांच्याकडे बोटभर लावायचं काम नाही. मावश्या, आत्या, काकवा मुठी भरभरून डोक्यापासून पायापर्यंत माखतात, मग न्हाऊ घालतात. त्यात पॅच हातात आला असता आणि त्याचं रील गावभर फिरलं असतं. म्हणून तो एका दुकानावरच्या 'सेंटर'मध्ये गेला. तिथला माणूस डॉक्टर नव्हताच, हे आम्हाला नंतर गुन्हा दाखल करताना कळलं. त्याने सांगितलं, आज लावले की हळदीला हिरो दिसशील.

"आणि तुला ते पटलं?" मी विचारलं.

"साहेब, आमी शेतकरी मानसं. आवणातून भाताचं रोप काढून खाचरात लावलं की दुसरे दिवशी शेत हिरवंगार उभं असतं. मला वाटलं, हे पन तसंच."

रोवलेले केस आधी गळतात आणि मग कित्येक महिन्यांनी उगवू लागतात, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला हसू यावं की रडू, कळेना. चेहरा सुजला तेव्हा त्याने चुलतभावालाच बोलावलं होतं; अबोला थोरांचा होता, पोरांचा नव्हता. आम्ही त्याला तडक रुग्णालयात नेलं. अजून उशीर झाला असता तर संसर्ग पसरला असता, असं डॉक्टर म्हणाले.

बापाला मी ठाण्यातून तिथे बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते मुलाकडे गेले, त्याच्या पायांवरून हात फिरवला, बाहेर आले आणि पुतण्यासमोर उभे राहिले. माफी मागायची सवय नसलेला माणूस होता. म्हणाले, "जेवलास का रे?" तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला स्वतःबरोबर घरी नेलं. वाटणीनंतर पहिल्यांदा तो त्या घरात जेवला.

संध्याकाळी नवरी मुलगी आली. लग्न मोडायला आली असेल म्हणून सगळे धास्तावले होते. ती पलंगाशी बसली आणि म्हणाली, "अरे येड्या, मला माहीत होतं. आपण खाडीवरच्या पुलावर भेटलेलो ना, तेव्हा माझी ओढणी उडून तोंडावर येत होती आणि तुझा एक केस हलत नव्हता."

हसताना त्याचा चेहरा दुखत होता, तरी तो हसत होता. हळद पुढे ढकलली गेली, रद्द झाली नाही.

या प्रकरणाने मला जे शिकवलं, ते मात्र या सगळ्याच्या आधीच घडलं होतं. रुग्णालयाच्या आवारात मी चुलतभावाला म्हणालो, "अरे, तू बोलला असतास तर तेव्हाच सुटला असतास. मी तुला आतच टाकणार होतो."

तो म्हणाला, "टाकला असता, साहेब, तर कवातरी सुटलोच असतो. त्याला गाव हसला असता तर तो कसा सुटला असता?"

तोवर मी गप्प बसणाऱ्या माणसाला गुन्हेगारच समजत आलो होतो. त्या दिवसापासून एखादा असा गप्प बसला की मी आधी एक चहा मागवायचो, आणि मग विचारायचो, तू कुणासाठी गप्प आहेस?