न केलेली चाचणी

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, रोज सकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्राजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — अडखळत सांगेन, चालेल ना?

नव्व्याण्णव साल. मी साताऱ्यात राहायचो आणि गावोगावी संगणकाचे प्रोग्राम बसवायचो. सांगलीच्या एका रक्तपेढीत मी लिहिलेला प्रोग्राम चालायचा — दात्यांची नावं, रक्तगट, पत्ते. ती सगळी नावं हसीनाने भरली होती. पलूसच्या एका शिंप्याची मुलगी, रोज एसटीने यायची. दोन वर्षं कार्डं समोर ठेवून एकेक नाव टाइप केलेलं. भरून झालेली कार्डं रद्दीत गेली होती.

दोन हजार साल लागल्यावर प्रोग्राम चालेल का, एवढंच तपासायचं होतं. पेढीच्या डॉक्टरांना मी ऐटीत सांगितलं, "खऱ्या मशीनला धक्का लावायचा नाही. त्याच्या आतच एक छोटा, आभासी संगणक उभा करतो. तारीख त्यात पुढे ढकलू. बिघडलाच तर तो बिघडेल." पुण्याहून त्याची सीडी आणली होती, वाचलंही होतं. पण स्वतः कधी केलं होतं? नाही.

सकाळपासून बसलो. तो आतला संगणक सुरूच होईना. मेमरी कमी करून पाहिली, डिस्क लहान करून पाहिली — एक काळी खिडकी उघडायची आणि तिथेच अडकायची. हसीना चहा ठेवून गेली. "सर, झालं का वो?" "होतंय," म्हणालो. मला जमत नाही — एवढं बोलायला काय झालं होतं?

ती जेवायला गेली, तेव्हा मी खऱ्याच मशीनची तारीख पुढे केली. नोंदींची प्रतही न काढता. प्रोग्राम सालाचे शेवटचे दोनच आकडे बघायचा. शून्य-शून्य त्याला नव्व्याण्णवच्या आधीचं वाटलं. सगळ्या नोंदी भविष्यातल्या, म्हणजे चुकीच्या ठरल्या — आणि चुकीच्या नोंदी पुसायला त्याला मीच शिकवलं होतं. पडदा रिकामा झाला. तारीख मागे आणली. नावं आली नाहीत.

डॉक्टर आले. टेबलावर हसीनाची फ्लॉपी होती, तिच्या कॉम्प्युटर क्लासची. मी ती उचलून दाखवली. "बाहेरची फ्लॉपी घातली असणार. व्हायरस. माझी चाचणी तर त्या आतल्या, आभासी मशीनवर होती."

"घातली व्हती वो काल," हसीना म्हणाली. तिने — तिने लगेच मान्य केलं! त्याच दिवशी तिची नोकरी गेली.

पुढे महिन्याभरात एका बाळंतिणीला निगेटिव्ह रक्त लागलं. यादीच नव्हती. रक्त उशिरा मिळालं म्हणे. किती उशिरा? मी विचारलं नाही.

आणि एक राहिलंय. त्या संध्याकाळी निघताना हसीना माझ्याजवळ आली होती. "सर, व्हायरसचं नाव काय व्हतं? म्हंजे दुसरीकडं काम लागलं तर माझ्याकडनं पुन्यांदा असं व्हायला नगो."

मी एक नाव रचलं. तिने वही काढली, पेन काढलं, आणि स्पेलिंग विचारलं.

मी स्पेलिंगही सांगितलं.