आजीचा भरलेला कप

स्वेटरवाली तिबेटी आजी कधीच कप रिकामा करून निघत नसे. आपल्याकडे पाहुण्याने चहा तसाच ठेवला, तर घरची माणसं मनाला लावून घेतात. आजी मात्र मुद्दाम भरलेला कप ठेवून जायची.

गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतून ती दर हिवाळ्यात नागपूरला यायची. सदरमधल्या माझ्या शिंपीकामाच्या दुकानासमोर तिचे स्वेटर लागत. जाकिटांच्या चेन मी बदलून द्यायचो. भाव करताना ती पक्की नागपुरी. "काहून गा, थंडी फुकटात पळते का?" असं गिऱ्हाइकालाच विचारायची.

हंगाम संपून तिचं दुकान उठलं की ती थर्मास घेऊन यायची. त्या एका दिवशी जुना चहा असे. विटेसारख्या दाबलेल्या चहाचा तुकडा, मीठ-लोणी घालून उकळलेला. वास जुन्या ट्रंकेचा, पण घोट उतरला की जीव शांत होई.

"तिबेट सोडताना आई म्हणे, आठ दिवसांत वापस येऊ. म्हणून घरातून फक्त चहा उचलला. मले पायी चालवलं, चहाले पाठीवर घेतलं!" आजी हसायची. आठ दिवसांचा तो चहा माझ्या वयाहून जास्त मुरला होता. शाळेत मी लढाया पाठ केल्या. कुणाचे आठ दिवस अजून संपलेच नाहीत, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

मग स्वतःचा कप भरून, एकच घोट घेऊन ती उठायची. "राहू दे. आमच्यात निघणाऱ्याचा कप भरलेला ठेवतात. म्हणजे तो वापस येते." दुसऱ्या दिवशी मी तो कुंडीत ओतायचो.

मागच्या वर्षी ती वळली आणि मी तिचा कप पिऊन टाकला. असा चहा कुंडीत ओतवेना, एवढंच. नेमकं तिने कोपऱ्यावरून मागे पाहिलं. "अरे भाऊ! पिऊन राहिला का तू? आता मी येऊ कशी गा?" हसतच म्हणाली होती.

यंदा समोर तिची सून बसते. आजीच्या हृदयाचं आज ऑपरेशन आहे. मुलगा दवाखान्यात थांबलाय. मी असलं काही मानत नाही. तरी सकाळपासून माझी शिवण तिरपी जाते आहे. मघाशी सून एक पुडी देऊन गेली. "आईनं तुमच्यासाठी पाठवला." उरलेला सगळा चहा होता. सगळाच का दिला, हे विचारायचा धीर झाला नाही.

मी चिमूटभर उकळला, एक कप भरला आणि मशीनशेजारी ठेवला.

"भाऊ, चहा थंडा होऊन राहिला तुमचा," पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं.

"माझा नाही तो," मी म्हणालो, आणि कपावर बशी झाकली.