कुंपणापलीकडची हाक

ये अशी, मनाने का होईना, जरा जवळ बस लीना, आणि आधी माझी बोलणी खा. मावशी म्हणतेस आणि मावशीचा फोन उचलत नाहीस. दोन महिने दवाखान्याच्या सेंटरवर स्वतः न येता नवऱ्याला गोळ्या न्यायला पाठवतेस. बाकावर माझ्या शेजारची तुझी जागा रिकामी बघून मीच त्याला गाठलं. खाली मान घालून म्हणाला, भाजीत मीठ दोनदा पडतं, मुलीला शाळेतून आणायचं राहून गेलं, तेव्हापासून लीना दार लावून बसते, गोळी कधी घेते कधी नाही, म्हणते माझं डोकं गेलं. एव्हरशाईनच्या इमारतीत सातव्या मजल्यावर दार लावून बसलेल्या बाईला आमच्या सांडोर गावच्या अंगणातला वास पोचत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

वास सुकेळ्यांचा. ऑक्टोबरचं कोवळं ऊन चढलं की बांबूच्या ताट्यांवर सोललेली राजेळी केळी मांडायची, दुपारी उलटायची, दव पडण्याआधी आत घ्यायची; चार-पाच दिवसांत त्यांचा रंग मधासारखा गडद होतो आणि साऱ्या वाडीवर एक मंद, आंबूस-गोड सुगंध तरंगत राहतो. हे काम माझ्या हातांना पाठ होतं. गेल्या वर्षी याच अंगणात मी केळी मांडली आणि विसरले. सकाळी पाहते तर ताट्या दवाने ओल्याचिंब, मुंग्यांची रांग लागलेली, आणि मी त्यांच्याकडे अशी पाहत उभी, जणू दुसऱ्या कुणाचं अंगण.

एचआयव्हीला माझ्या रक्तात वस्तीला येऊन अठरा वर्षं झाली. नवरा गेला, मी राहिले, गोळ्यांनी राखलं. सुरुवातीच्या एका गोळीने तळपायांत ज्या मुंग्या सोडल्या, त्या अजून तिथेच आहेत, त्यांच्याशी माझी सोयरीक जमली. पण डोक्यात उतरलेलं हे धुकं नवं होतं. जपमाळेच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या खुरसापाशी, त्या जुन्या क्रुसापाशी, प्रार्थना मी पुढे होऊन सांगायची; एका सांजेला जपमाळेतलं एक रहस्य, दर मण्याला एक अशा दहा प्रार्थनांचं, माझ्या तोंडी चौदा मण्यांपर्यंत गेलं, मागच्या बायका निमूट म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून घसा धरल्याचं निमित्त करून मी घरी बसले.

तुला खरं सांगू? मण्यांचं भय नव्हतं गं. आपल्यासारखीला एक मोठा पाढा आयुष्यभर पाठ ठेवावा लागतो, कुणाला ठाऊक आहे आणि कुणाला नाही. धाकट्या बहिणीला ठाऊक, वहिनीला नाही. फादरांना ठाऊक, गायनमंडळातल्या बायकांना नाही. तो पाढाच पुसट होऊ लागला. बोलता बोलता जीभ कुठे घसरेल, या धास्तीने मी बोलणंच टाकलं, मी, जिला गप्प बसवायला लग्नात बँड लावावा लागायचा.

त्यात शेजारची मार्था. तिला चौकश्यांची भारी हौस. गेली दहा वर्षं, दिवेलागणीनंतर जेवणं उरकायच्या सुमाराला, कुंपणापलीकडून तिची हाक यायचीच: जेवलीस का गं, पाणी प्यालीस का. एकदा मी तिला टोमणाही मारला होता, की माझ्या पाण्याचा हिशेब तुला कुठल्या सरकारने दिलाय. ती हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक.

दवात भिजलेल्या त्या केळ्यांतली वाचतील तेवढी मार्थाने निवडली, पुसली, परत उन्हात टाकली. ती सुकल्यावर वाळक्या केळपानांत बांधायला आम्ही दोघी ओट्यावर बसलो. माझी बोटं मंदावलेली, केळीच्या सोपाच्या दोरीची गाठ सुटत होती. ऊन उतरत होतं, वाळक्या पानांची कुरकुर, बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यात मी सहज बोलून गेले, की काल माझी एचआयव्हीची गोळी घेतली का नाही तेच आठवत नाही बघ. शब्द सुटले आणि मग आठवलं, मार्थाला तर ठाऊक नाही.

तिने हातातली गाठ पक्की केली, पुडा टोपलीत ठेवला.

"घेतलीस," ती म्हणाली. "मी हाक मारली तेव्हा पेला वाजला होता."

दहा वर्षांपूर्वी मला ताप भरला तेव्हा माझं कपाट, गोळ्यांच्या डब्यांसकट, तिनेच आवरलं होतं. तेव्हापासून तिला ठाऊक होतं. विचारलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाली, "तू सांगितलं नाहीस, म्हणून मी विचारलं नाही. पाणी विचारायला काय लागतं?"

मी रडले, मग तिने सुकेळी वाकडी बांधली म्हणून तिच्याशी भांडलेही. पुढच्या आठवड्यात तीच मला सेंटरवर घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, रक्त तपासलं, झोपेचं आणि मनाचं विचारलं. म्हणाल्या, या आजारात मेंदू थोडा मंदावू शकतो, पण तुमच्या विसरण्यातलं बरंचसं ओझं उदासीचं आणि धास्तीचं आहे, त्यावर उपचार आहेत; वेड नाही हे, लपवू नका आणि गोळी चुकवू नका. धुकं सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. यंदा खुरसापाशी मी प्रार्थना सांगते तेव्हा मार्था शेजारी उभी असते आणि दहावा मणी आला की कोपराने ढोसते, जरा जास्तच जोरात.

आताशा वाटतं, आपली आठवण आपल्याच डोक्यात ठेवायची हा हट्ट मी कशाला धरला होता? काही दुसऱ्यांकडे राहिली, तर ती हरवली म्हणायची का?

ताट्या परवाच मांडल्यात. केळ्यांनी अजून रंग धरला नाही. तो धरेल तोवर ये, मुलीलाही आण. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला सांडोरचा खुरूस सांग, आणि वाटेत काही सुचेनासं झालं तर तिथेच थांबून मला फोन कर. तू येणार हे मी विसरेनही कदाचित. मार्थाला सांगून ठेवलं आहे. तोवर रोज रात्री साडेआठला मीच तुला फोन करीन, जेवलीस का गं, पाणी प्यालीस का. तेवढा उचल, आणि ये लवकर.